लहान धक्के बसत राहिले की मोठा भूकंप टळतो, हे कितपत खरं? (कोयना खोरं)

मोरणाकाठ

नमस्कार. आमचं गाव पाटण तालुक्यात, मोरणेच्या खोऱ्यात आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. घर आजेसासऱ्यांच्या वेळचं, दगड-मातीचं. मागची भिंत पोटात फुगली आहे, म्हणून उन्हाळ्यात उतरवून नवं बांधायचं ठरलं आहे. गवंड्याने दिलेल्या अंदाजपत्रकात ‘भूकंपाच्या पट्ट्या’ म्हणून सळई आणि काँक्रीटचा वेगळा आकडा आहे. सासरे म्हणतात, हा खर्च कशाला? आपल्याकडे अधूनमधून बारीक धक्के बसतातच, त्यातनं जमिनीचा जोर निघून जातो, आता मोठा काही होत नाही. गावात बहुतेकांचं म्हणणं हेच आहे.

मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगताही येत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं. शिवाय दोन गोष्टी विचारायच्या आहेत. धरणाच्या पाण्यामुळे धक्के बसतात म्हणतात, तर पाणी कमी ठेवून ते थांबतील का? आणि गोठण्याला सरकारने खोल बोअर मारलं, त्यातून काय कळलं? चौथीतली एक मुलगी मला विचारते, “बाई, जमिनीच्या आत काय आहे ते कुणी बघितलंय का?” तिला नीट उत्तर द्यायचं आहे.

कुंभार्ली

सासऱ्यांचं बरोबर आहे असं मला वाटतं. कुकरच्या शिट्टीसारखं आहे ते. वाफ थोडी थोडी सुटत राहिली की कुकर फुटत नाही. आम्ही चिपळूणला लहानपणापासून हेच ऐकत आलो.

खडकाला_कान

ताई, ही समजूत खोऱ्यात घरोघर आहे. माझ्या आजीचीही तीच होती. मी मूळचा ढेबेवाडी भागातला, शिक्षणाने भूभौतिकीचा. काही वर्षं याच डोंगरात भूकंपमापक बसवणं, पावसाळ्यात त्यांना ओल लागू न देणं, उंदरांनी कुरतडलेल्या केबली बदलणं आणि आलेल्या नोंदी वाचणं हेच काम केलं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी साधा हिशेब. पेपरात ज्याला रिश्टर म्हणतात तो आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दोनने वाढला की हजार पट. ११ डिसेंबर १९६७ चा आपला भूकंप ६.३ चा होता. ज्या धक्क्याला मांडणीवरची भांडी वाजतात आणि आपण दारात येऊन उभे राहतो, तो समजा ३.३ चा. मध्ये तीन पायऱ्या. बत्तीस गुणिले बत्तीस गुणिले बत्तीस करा. एका ६.३ एवढी ऊर्जा अशा बारीक धक्क्यांतून काढायची तर ते तीस हजारांच्या वर लागतील. धरण भरायला लागल्यापासून आजवर तीनच्या वरचे धक्के झाले काही हजार, चारच्या वरचे दोनशेच्या आसपास आणि पाचच्या वरचे वीस-बावीस. शिट्टीतून वाफ जाते ती एवढीशीच.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बारीक धक्क्यात भेगेचा, म्हणजे फॉल्टचा, दोन-तीनशे मीटरचा तुकडा सरकतो. मोठ्या भूकंपात तीच भेग कित्येक किलोमीटर लांब सरकते. छोटा तुकडा सरकला की त्याच्यावरचा ताण नाहीसा होत नाही, बराचसा शेजारच्या तुकड्यांच्या गळ्यात पडतो. शेजारी आधीच टेकीला आलेला असेल तर तोही सरकतो. म्हणून धक्के अनेकदा झुंडीने येतात.

आणि जगभरच्या नोंदी सांगतात की कुठल्याही भूकंपप्रवण भागात एक पायरी खाली आलं की धक्क्यांची संख्या सुमारे दहापट होते. चारचा एक तर तीनचे दहा, दोनचे शंभर. उलट बाजूने वाचलं तर बारीक धक्के भरपूर असणं म्हणजे ती भेग जिवंत असल्याची खूण. मोठा टळल्याची नव्हे.

हेळवाकची_लेक

वरचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. मी सदुसष्ट साली कोयनानगरला नऊ वर्षांची होते. डिसेंबरच्या भूकंपाआधी, त्याच वर्षी सप्टेंबरात एक चांगला दणका बसला होता. भिंतींना तडे गेले, लोक रात्री बाहेर झोपले. मग थोड्या दिवसांनी सगळे म्हणायला लागले, गेला एकदाचा जोर, आता काही नाही. माझे वडीलही तेच म्हणाले. अंथरुणं परत घरात गेली.

डिसेंबरात पहाटे सव्वाचारच्या सुमारास झाला तो आम्ही आत असतानाच. थंडीचे दिवस, बाहेर कोण झोपणार? आईने मला चौकटीत ओढलं म्हणून मी आहे. शेजारच्या खोलीची भिंत आतल्या बाजूला आली होती. माझ्या वर्गातल्या दोन मुली त्या दिवशी गेल्या. ताई, पट्ट्या घालाच. सासऱ्यांना माझा निरोप सांगा.

कुंभार्ली

आजी, हे माहीत नव्हतं. माझं वरचं म्हणणं मागे घेतो. पण खडकाला_कान, मग हा जोर येतो कुठून? आपल्याकडे हिमालय नाही, ज्वालामुखी नाही. पाण्याच्या वजनाने येतो का?

खडकाला_कान

आजींनी सांगितलेला तो सप्टेंबरचा धक्का १३ तारखेचा, पाचच्या वरचा. डिसेंबरच्या आधीचा सगळ्यात मोठा तोच. लोकांना जोर गेला असं वाटलं आणि तीन महिन्यांनी त्याच्या कित्येक पट मोठा आला. १८० च्या आसपास माणसं गेली, मुंबईची वीजसुद्धा तुटली. धरणामुळे सुरू झालेल्या भूकंपांत जगातला सर्वांत मोठा म्हणून आजही त्याचंच नाव घेतात.

जोर कुठून येतो? पाण्याच्या वजनातून नाही. शंभर मीटर खोल पाण्याचा तळावरचा दाब भरतो दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो. आपले बहुतेक धक्के दहा किलोमीटरच्या आतले. पाच किलोमीटरवर नुसत्या वरच्या खडकाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला तेराशे किलोच्या वर असतो. त्यात दहाची भर म्हणजे टक्काभरसुद्धा नाही. एवढ्याने खडक तुटत नाही.

ताण आधीपासून साठलेला आहे. भारताचं भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे सरकतं आहे आणि उत्तरेला आशियाच्या पट्टाला भिडलं आहे. तिथे जो रेटा बसतो तो हिमालयापाशीच संपत नाही, सगळ्या द्वीपकल्पात मागे येतो. जीपीएसची केंद्रं बसवून वर्षानुवर्षं मोजलं तर दक्षिण भारत एकसंध दगडासारखा सरकताना दिसतो. त्याच्या पोटातली ताणाची वाढ इतकी सावकाश होते की ती मोजणं हाच एक मोठा खटाटोप आहे. पण लाखो वर्षं साठत राहिलं तर सावकाशही पुरेसं होतं. जुन्या भेगा तुटायच्या बेतात येऊन थांबलेल्या असतात. किल्लारीला १९९३ मध्ये तेच झालं.

पाण्याचं काम वेगळं आहे. खडकातल्या बारीक फटींतून पाण्याचा दाब खाली पोचतो आणि भेगेच्या दोन बाजू ज्या दाबाने एकमेकींवर घट्ट बसल्या आहेत तो दाब थोडा कमी करतो. घर्षण घटतं. तुटायला टेकलेल्या भेगेला तेवढं पुरतं. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, १९६२ च्या सुमारास भरायला लागला आणि लगेच जमिनीतून आवाज आणि धक्के सुरू झाले. म्हणून त्याच दशकात खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राने इथे वेधशाळा उभ्या केल्या. पुढे वारणेचं चांदोली धरण १९८५ पासून भरू लागलं आणि ते पहिल्यांदा चांगलं भरलं त्या १९९३ च्या हंगामानंतर, १९९३ च्या डिसेंबरात आणि १९९४ च्या फेब्रुवारीत, दक्षिणेकडे पाच आणि त्याच्या वरचे धक्के बसले. एकाच खोऱ्यात निसर्गाने तोच प्रयोग दोनदा करून दाखवला. जगभरचे संशोधक इथे येतात ते त्यासाठी. साधारण तीस किलोमीटर बाय वीस किलोमीटरच्या पट्ट्यात सगळं घडतं, शेजारी दुसरा सक्रिय भाग नाही, आणि साठ वर्षं चालू आहे. अभ्यासाला अशी जागा दुसरीकडे मिळत नाही.

मोरणाकाठ

मग पाणी कमी ठेवलं तर थांबेल, असंच झालं ना?

खडकाला_कान

तसं सरळ नाही. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता यांनी १९८० च्या दशकात जुन्या नोंदी पाण्याच्या पातळीशी ताडून पाहिल्या. त्यांना दिसलं की आठवड्याला बारा मीटरच्या वर वेगाने जलाशय भरला की पाचच्या वरचे धक्के येण्याची शक्यता वाढते. आधीच्या वर्षांतल्या सर्वांत वरच्या पातळीच्या पुढे पाणी गेलं की पुन्हा तसंच. आता जुलै-ऑगस्टमध्ये नवजा, महाबळेश्वर या भागात पाऊस कोसळतो तेव्हा पाणी कुठल्या वेगाने चढेल हे फक्त दारं उघडून थोडंफार आवरता येतं. तीही मनाला येईल तशी उघडता येत नाहीत, खाली पाटण, कराड, सांगली आहे.

आणि पाणी उतरतानाही धक्के येतात. सप्टेंबर आणि डिसेंबर हे इथले ठळक महिने, त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी घटताना पुन्हा थोडी हालचाल. खोल गेलेला दाब वरचं पाणी काढल्यावर लगेच परत येत नाही. म्हणून धरणातलं पाणी घरच्या भिंतीला पर्याय नाही. भरणं सावकाश ठेवणं चांगलं, ते जमेल तेवढं करावंच, पण भिंत आपल्या हातात आहे.

आता गोठणे. मला सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय हाच.

साठ वर्षं आपण भेगेला वरून ऐकत होतो. भूकंप होतो सहा-सात किलोमीटर खाली, आणि आपण दगड, माती, उसाची शेतं, कराड-चिपळूण रस्त्यावरचे ट्रक या सगळ्या गलक्याच्या वर बसून कान लावतो. म्हणून आधी ठिकठिकाणी दीड किलोमीटरच्या आसपास खोल बोअर घेतले आणि काहींत भूकंपमापक थेट खडकात सोडले. खालची शांतता काय असते ते त्या नोंदी पाहिल्यावर कळलं. वर गोंगाटात बुडून जाणारे, शून्याच्याही खालचे धक्के तिथे स्वच्छ उमटतात. शून्याच्या खालचे म्हणजे घरातल्या कुणालाही कधीच जाणवणार नाहीत असे.

मग २०१७ मध्ये गोठण्याचं बोअर तीन किलोमीटरपर्यंत पोचलं. कराडची केंद्र सरकारची प्रयोगशाळा हे काम बघते. वरचा सव्वा किलोमीटर काळा पाषाण, आपल्या सह्याद्रीचा बसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक. त्याच्या खाली थेट ग्रॅनाइट आणि नाईस, अडीच अब्ज वर्षांहून जुने. मधे गाळाचा खडक नाही. रासाटीच्या बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दांड्या मी हाताळल्या आहेत. एका पेटीत काळा दगड संपतो आणि पुढच्यात करडा-गुलाबी सुरू होतो. सांध्यावर बोट ठेवलं की बोटाच्या एका बाजूला अडीच अब्ज वर्षं असतात. इतकी वर्षं या कामात राहूनही ते मला सवयीचं झालेलं नाही.

यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. आपले भूकंप बसाल्टात होत नाहीत, त्याखालच्या जुन्या ग्रॅनाइटमध्ये होतात. आणि त्या ग्रॅनाइटलाही भेगा आहेत, पाण्याला खाली जायला वाट आहे. किल्लारीच्या बोअरमध्ये बसाल्ट ३३८ मीटरवरच संपला होता. इथे त्याच्या जवळजवळ चौपट जाड. वरचा थर एवढा वेगळा असून दोन्हीकडे हादरला तो खालचा जुना पाया. भूकंप जन्मतो त्या जागी उपकरण बसवायचं हे मूळ ध्येय. त्यासाठी आणखी खोल जावं लागेल आणि ते व्हायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या चौथीतल्या मुलीला सांगा: माणसाने सर्वांत खोल मारलेलं बोअर रशियात कोला इथलं, १२ किलोमीटरच्या थोडं वर. मध्यापर्यंतचं अंतर ६,३७१ किलोमीटर. म्हणजे डोळ्यांनी कुणीच बघितलेलं नाही. पण ऐकलं आहे. १८९७ च्या आसामच्या मोठ्या भूकंपाचा अभ्यास करणारे रिचर्ड ओल्डहॅम भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातच होते. त्यांनी १९०६ मध्ये लाटांच्या प्रवासावरून दाखवलं की पृथ्वीला वेगळा गाभा आहे. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान या बाईंनी त्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे हे ओळखलं. त्यांच्याकडे होते फक्त लांबच्या भूकंपांच्या नोंदींचे कागद.

आपल्या खालचंही असंच ऐकलं आहे. १९७० च्या दशकात गुहागरपासून सांगलीतल्या चोरोचीपर्यंत आणि केळशीपासून लोणीपर्यंत अशा दोन रेषांवर जमिनीत सुरुंग उडवून परतलेल्या लाटा टिपल्या. त्यातून कळलं की आपल्या पायाखालचं कवच चाळीस किलोमीटरच्या आसपास जाड आहे, मग प्रावरण सुरू होतं. मुलांना एक हिशेब करायला द्या. पहिली लाट आणि दुसरी, जास्त हलवणारी लाट, यांच्यात जितके सेकंद, त्याला आठने गुणलं की जवळच्या भूकंपाचं अंतर किलोमीटरमध्ये येतं. कोयनेचा धक्का पुण्याच्या वेधशाळेत नोंदला तर दोन लाटांत पंधरा-सोळा सेकंद सापडतात. नकाशावर पट्टी ठेवून पडताळता येतं, चौथीच्या मुलांना जमेल.

गावात धक्क्याआधी ‘गुडूम’ आवाज येतो म्हणतात, तोही भ्रम नाही. भूकंप उथळ असल्याने पहिली लाट वर पोचून हवेत आवाज म्हणून सुटते. हादरा मागून येतो.

औशाचा_पोरगा

किल्लारीचं नाव निघालं म्हणून. आमच्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप जवळपास तेवढ्याच ताकदीचा, ६.२ चा. पण माणसं गेली दहा हजारांच्या घरात. माळवदाची घरं, दोन-अडीच फूट रुंद दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं ओझं. भूकंपाने मारलं म्हणतात, पण आमच्या माणसांना घरांनी मारलं. आणि आमच्याकडे तर त्याआधीचे वर्षभर बारीक धक्के बसत होते. त्यातून काही कमी झालं नाही.

स्थापत्य_कराड

मुद्द्याचं झालं, आता बांधकामाचं सांगतो. ताई, गवंड्याने पट्ट्यांचा आकडा स्वतःहून दिला म्हणजे माणूस चांगला आहे, त्याला सोडू नका. २००२ च्या नकाशात कोयना भाग चौथ्या विभागात आहे, त्यामुळे हे ऐच्छिक समजू नये.

पट्ट्या जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली. कौलारू करणार असाल तर तिकोनी भिंतीच्या उतारालाही. दोन सळया असतील तर काँक्रीट ७५ मिलीमीटरपेक्षा पातळ नको. पट्टी घराभोवती सलग फिरली पाहिजे, मधल्या भिंतींवरूनही. कोपऱ्यात सळई तोडून संपवायची नाही, वळवून दुसऱ्या भिंतीत पुढे न्यायची. निम्म्या घरांत चूक इथेच सापडते. कोपऱ्यांत उभी सळई जोत्यापासून छतापर्यंत. जुने दगड वापरायचे असतील तर सिमेंटच्या मसाल्यात बसवा, मातीत नको, आणि भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घाला, नाहीतर भिंतीच्या दोन कातड्या, म्हणजे आतला आणि बाहेरचा थर, सुटून भिंत पुन्हा तशीच फुगेल. तुमची मागची भिंत बहुधा त्यामुळेच फुगली आहे.

मोरणाकाठ

सगळ्यांचे आभार. हेळवाकच्या आजींचा निरोप आणि बत्तीसचा हिशेब दोन्ही सासऱ्यांना वाचून दाखवले. त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही, मग सदुसष्टला ते स्वतः मल्हारपेठेला मामाकडे होते ते सांगितलं. आजवर कधी बोलले नव्हते. पट्ट्या घालायच्या ठरल्या. आता एकच अडचण: स्वयंपाकघराची खिडकी त्यांना अगदी कोपऱ्यात हवी आहे, उजेडासाठी. चालेल का?

स्थापत्य_कराड

कोपऱ्याला लागून नको. कोपऱ्यापासून दोन फूट तरी आत घ्या आणि रुंदी थोडी वाढवा, उजेड तेवढाच येईल. लिंटेलची, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरची, पट्टी ओतायच्या दिवशी शाळेतून रजा काढून हजर राहा आणि काँक्रीट पडण्याआधी चारही कोपऱ्यांतल्या सळयांचे फोटो इथे टाका, मी बघतो.